‘ओरिजिनल’ कशाला म्हणावे? बोटीच्या इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पंपाचा इतिहास

१/१४
सिल्लोड तालुक्यातील अजिंठा या गावाने ज्या लेण्यांना नाव दिले, त्यांतील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ३०० किलोमीटर दूर. तरीही पाचव्या शतकातील चित्रकाराने तीन डोलकाठ्या, शिडे, सुकाणूची वल्ही आणि रांगेने मांडलेले घडे काढले. चित्राचा विषय आहे पूर्ण या व्यापारी-भिक्षूची बौद्ध कथा. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. कथेत त्याच्या भावाचे जहाज वादळात सापडते आणि पूर्णाच्या पुण्याईने वाचते.
समुद्रावरच्या माणसाचा जीव कशावर अवलंबून असतो, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले. शिडांच्या काळात ते लाकूड, दोर आणि कापड होते. आज कोकण किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटीत त्या उत्तराचा एक मोठा वाटा मुठीत मावणाऱ्या रबरी चाकाकडे जातो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातले हे चाक, म्हणजे इम्पेलर. ते झिजले की नवे घ्यावे लागते, आणि दुकानात प्रश्न येतो : ओरिजिनल की डुप्लिकेट? हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच जुना आहे. 🧵

२/१४
आधी या पंपाचे काम. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा बोट ढकलण्याच्या कामी येतो. तेवढीच उष्णता धुराबरोबर जाते आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्याने वाहून न्यावी लागते. रस्त्यावरचा ट्रक हे काम रेडिएटर आणि वारा यांच्यावर सोपवतो. बोटीचे इंजिन तळाशी बंद कप्प्यात असते, तिथे वारा नाही. पण चहूबाजूंना पाणी आहे. ते आत खेचायचे, इंजिनाची उष्णता त्याला द्यायची आणि परत समुद्रात सोडायचे, एवढेच पंपाचे काम.
पंप थांबला तर काही मिनिटांत तापमान चढते. मग हेडचे पॅकिंग जाते किंवा पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. किनाऱ्यापासून दूर, रात्री, वारा उठलेला असताना इंजिन बंद पडणे म्हणजे बोट प्रवाहाच्या हवाली होणे. पंपातील सुट्या भागाची किंमत मोजायची ती या बाजूने.

३/१४
या कथेची सुरुवात इंजिनाच्याही आधी होते. खारे पाणी धातूला खाते, हे मुंबईच्या गोदीला लाकडी जहाजांच्या काळातच ठाऊक होते. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली इथे सागवानी जहाजे बांधली जात. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून वाचवण्यासाठी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. पण ते पत्रेही समुद्रात झिजत.
ब्रिटिश आरमाराच्या विनंतीवरून हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने या झिजेचा अभ्यास केला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडला, तर समुद्र आधी तो तुकडा खातो आणि तांबे वाचते, असे त्याने १८२४ साली दाखवले. प्रयोग यशस्वी ठरला आणि तरी सोडून द्यावा लागला. झिजणारे तांबे शंख-शिंपल्यांना दूर ठेवत असे. झीज थांबताच त्यांचे थर तळाला चिकटू लागले आणि जहाजाची गती मंदावली.
डेव्हीची युक्ती मात्र वाया गेली नाही. आजच्या बोटीच्या शीतन यंत्रणेत जस्ताची कांडी बसवतात ती याच तत्त्वावर. कांडी झिजलेली दिसली तर ती आपले काम करते आहे. महिनोन्महिने तशीच राहिली, तर तिचा धातू किंवा तिची जोडणी तपासावी लागते.

४/१४
१८२९ साली मुंबईत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात उतरली. ४११ टनांचे हे जहाज, इंग्लंडहून आणलेली इंजिने बसवून, २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाले. त्याबरोबर या किनाऱ्याच्या सागरी प्रवासात एक नवी चिंता शिरली : उष्णता.
वाफेच्या इंजिनात काम संपलेली वाफ थंड करून तिचे पाणी करावे लागते. त्या काळी वाफेवर थेट समुद्राचे पाणी फवारत. दोन्ही पाणी एक होई आणि तेच बॉयलरला दिले जाई. बॉयलरमध्ये मीठ साचे. ठरावीक वेळाने खारट पाणी बाहेर सोडावे लागे, त्याबरोबर उष्णता आणि कोळसाही वाया जाई.
१८३० च्या दशकात सॅम्युअल हॉल या इंग्रज अभियंत्याने दोन पाणी वेगळे ठेवण्याचा मार्ग पुढे आणला. वाफ आणि समुद्राचे पाणी यांच्यामध्ये नळ्यांची भिंत उभी राहिली. उष्णता भिंतीतून पलीकडे जाई, मीठ मात्र अलीकडे येत नसे. समुद्राचे पाणी अखंड फिरवत ठेवणे हे पंपाचे स्वतंत्र काम झाले. १८६० नंतर ही पद्धत जहाजांवर रूढ झाली. आजच्या बोटीतील पाणी-पंपाचा पूर्वज तो हाच.

५/१४
पण पंप बिघडला, तर भाग कुठून आणायचा? इंजिन इंग्लंडचे, कारखाना इंग्लंडमध्ये. पत्र जाऊन वस्तू यायला महिने लागत. या अडचणीत मुंबईत एक माणूस घडला : अर्देशिर खरशेदजी वाडिया.
जहाजबांधणीच्या घराण्यात १८०८ साली जन्मलेल्या अर्देशिरांना लाकडापेक्षा वाफेची ओढ अधिक. विहिरीचे पाणी उपसून कारंजे चालवणारे एक अश्वशक्तीचे छोटे वाफेचे यंत्र त्यांनी तयार केले. १८३३ साली ‘इंडस’ या छोट्या जहाजावर त्यांनी इंग्लंडहून मागवलेले इंजिन बसवले. माझगावच्या घरीच त्यांची छोटी ओतशाळा होती. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले आणि त्याच वर्षी मुंबईच्या सरकारी वाफ-कारखान्याचे मुख्य अभियंताही.
त्या काळी सुट्या भागाची हमी म्हणजे तो घडवणाऱ्याचा हात. मोडलेला भाग समोर ठेवून, मापे घेऊन, साचा करून, ओतून आणि कानशीने घासून नवा भाग त्याच यंत्रासाठी बसवला जाई. दुसऱ्या यंत्रात तो बसेलच असे नव्हते, पण या यंत्रात तो बसवूनच कारागीर उठे. मुंबई-कोकणातल्या बंदरांजवळच्या लेथवाल्यांनी ही परंपरा आजही जिवंत ठेवली आहे, आणि पंपाचा शाफ्ट किंवा बुश करून घेण्यासाठी बोटवाले त्यांच्याकडेच जातात.

६/१४
कारागिराचा हात कितीही कुशल असला, तरी धातू चुकीचा असेल तर समुद्र त्याला क्षमा करत नाही. १८३२ साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मंट्झने जहाजाच्या तळासाठी साधारण ६० भाग तांबे आणि ४० भाग जस्त अशा स्वस्त पितळेचे पेटंट घेतले. पितळ दिसायला देखणे आणि घडवायला सोपे. पण खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू विरघळून जाते. मागे उरते ते सच्छिद्र, ठिसूळ तांबे. वस्तूचा आकार तोच राहतो, बळ निघून जाते. पिवळ्या धातूवर गुलाबी-तांबूस डाग दिसू लागले, की हा रोग लागला असे समजावे.
म्हणून समुद्री पंपाच्या कवचासाठी कथील मिसळलेले कांसे, म्हणजे गनमेटल, वापरू लागले. त्याचे एक प्रसिद्ध प्रमाण ८८ भाग तांबे, १० भाग कथील आणि २ भाग जस्त असे आहे. नावातच तोफ आहे, कारण एके काळी तोफा याच जातीच्या धातूच्या ओतत. विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, तीही तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची. तोफेच्या आणि पंपाच्या धातूत प्रमाणांचा फरक असला, तरी कूळ एकच. पितळ आणि गनमेटल दुकानाच्या फळीवर शेजारी ठेवले तर बरेच सारखे दिसतात. समुद्रात गेल्यावर त्यांचे मार्ग वेगळे होतात.

७/१४
धातूनंतर माप. मुंबईत बांधल्या गेलेल्या ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेची गोष्ट इथे आठवावी. तिचे नकाशे घेऊन येणारे ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज १८१२ साली अमेरिकनांच्या हाती पडले आणि नकाशे गेले. सागवान होते, जमशेटजी बमनजी वाडियांसारखा कसबी बांधणारा होता; तरी नकाशांची दुसरी प्रत येईपर्यंत थांबावे लागले. जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. ‘मूळ’ कशात असते, याचा हा चांगला दाखला आहे. लाकूड मलबारचे, हात मुंबईचे. पण जहाज ‘त्रिंकोमाली’च का, तर माप त्याच नकाशाचे म्हणून.
१८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांसाठी एकच प्रमाण सुचवले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे; एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. व्हिटवर्थचे प्रमाण पसरल्यावर कारागीर समोर नसतानाही भाग बसेल, ही शक्यता निर्माण झाली. ‘स्पेअर पार्ट’ ही कल्पना इथून सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. विश्वास हातावरून मापाकडे सरकला.

८/१४
विसाव्या शतकात इंजिन महाराष्ट्रातच बनू लागले. रुडॉल्फ डिझेलचे यंत्र १८९७ साली जर्मनीत यशस्वी झाले होते. १९३० च्या दशकात साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिन तयार झाले. १९१० पासून किर्लोस्करवाडीत नांगर आणि पुढे पंप बनवणाऱ्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली.
या इंजिनांचा पहिला मोठा ग्राहक शेतकरी. निजामी राजवटीतून १९४८ साली मुक्त झालेल्या मराठवाड्यात, वीज विहिरीपर्यंत पोहोचण्याआधी अनेक शिवारांत मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली. सिल्लोड-अजिंठ्याच्या टापूतला जुना शेतकरी बोटीच्या पंपाची गोष्ट चटकन समजू शकतो, त्याचे कारण हेच. विहिरीवरच्या अशा अनेक इंजिनांत पंपाने उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनाभोवती फिरवून त्याला थंड ठेवत. फूट-व्हॉल्व्हने पाणी सोडले किंवा पंपाने हवा धरली, की पाट आटे आणि इंजिनही तापे. पाण्यातील क्षार आत साचले, तरी परिणाम तोच.
फरक एवढाच की विहिरीवरचे इंजिन बंद करून शेतकरी बांधावर बसू शकतो. तांडेलाला ती सोय नाही.

९/१४
स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मुंबई राज्याने आणि पुढे महाराष्ट्राने मासेमारी बोटींच्या यांत्रिकीकरणाला कर्ज आणि अनुदान दिले. मच्छीमार सहकारी संस्थांनी ते वाड्या-पाड्यांत पोहोचवले. शिडाचे मचवे इंजिनावर चालू लागले. मग एक व्यवहारी वाट निघाली : ट्रकचे इंजिन सागरी कामासाठी बदलून बोटीत बसवायचे. ट्रकच्या इंजिनाचे भाग सर्वत्र मिळतात, मिस्त्रीही मिळतो.
इथे हॉलची १८३० च्या दशकातली भिंत पुन्हा भेटते. अशा इंजिनात बहुधा दोन पाणी आणि दोन पंप असतात. आतल्या चक्रात गोडे पाणी किंवा कूलंट फिरते आणि त्याचा पंप ट्रकसारखाच लोखंडी असला तरी चालतो. बाहेरच्या चक्रात समुद्राचे पाणी फिरते. त्याचा पंप गनमेटलचा, शाफ्ट चांगल्या स्टेनलेसचा आणि आत रबरी इम्पेलर असतो. दोघांच्या मध्ये नळ्यांचा हीट एक्स्चेंजर.
हे दोन चक्र वेगळे ठेवण्याला आणखी एक कारण आहे. समुद्राचे पाणी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले, की त्यातले क्षार धातूवर जमू लागतात. इंजिनाला मात्र त्याहून गरम राहणे सोसते आणि मानवतेही. भाग घेताना पहिला प्रश्न म्हणूनच हा : कोणत्या पाण्याचा पंप? ट्रकच्या पंपाचा भाग समुद्राच्या पंपात कधी कधी बसतोही. बसतो म्हणूनच तो फसवतो.

१०/१४
समुद्राच्या पंपातील रबरी इम्पेलर हे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळाचे अपत्य. त्याची रचना साधी आहे. गोल कवचाच्या एका बाजूला धातूचा उंचवटा, म्हणजे कॅम. चाक फिरताना पाती या उंचवट्याजवळ दबतात आणि पुढे गेल्यावर सरळ होतात. सरळ होताना मागे पोकळी तयार होते आणि ती पाणी ओढते. पुन्हा दबताना पाणी बाहेर ढकलले जाते. पाण्याच्या पातळीपेक्षा थोडा वर बसवला, तरी हा पंप स्वतःच पाणी ओढून घेतो.
हे शक्य झाले ते नव्या रबरामुळे. झाडाच्या चिकाचे रबर तेलाने फुगते, आणि बोटीच्या तळाशी पाण्याबरोबर तेल असतेच. अमेरिकेतील ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत १९३० साली निओप्रीन हे कृत्रिम रबर सापडले. ते पाणी, ऊन आणि थोडेफार तेल सोसते. नायट्रिल हे रबरही १९३० च्या दशकातलेच, जर्मनीतले. तेल-डिझेलचा संबंध अधिक असेल तिथे ते टिकते. समुद्राच्या पाण्यासाठी सामान्यतः निओप्रीन घेतात.
या चाकाची दुखरी बाजूही माहीत हवी. पाणीच त्याचे वंगण. समुद्राच्या पाण्याची तोटी उघडायला विसरून इंजिन सुरू केले, तर थोड्याच वेळात पाती जळतात. तुटलेले तुकडे पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या नळ्या अडवतात. जुने चाक काढल्यावर पाती मोजायची ती यासाठी. एखादे पाते कमी असेल, तर ते सापडेपर्यंत काम संपलेले नाही.

११/१४
मापाच्या इतिहासाने भारतीय बोटीत एक वेगळाच गुंता सोडून ठेवला आहे. जुनी ब्रिटिश इंजिने आणि त्यांच्या धर्तीवर बनलेली भारतीय इंजिने इंचांत मोजली जात. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. कारखाने मिलिमीटरकडे वळले. पण बोटी, यंत्रे आणि मिस्त्रींची जीभ एका दिवसात बदलली नाही. वर्कशॉपमध्ये आजही ‘सूत’ चालते : आठ सूत म्हणजे एक इंच.
पाच सुताचा शाफ्ट म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. शेजारच्या खोक्यात १६ मिलिमीटरचा इम्पेलर असतो. दोघांत फरक ०.१२५ मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही, हाताला जेमतेम जाणवतो. १६ मिलिमीटरचे भोक पाच सुती शाफ्टवर सहज बसते, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही समाधानी होतात. पण शाफ्ट सेकंदाला कित्येक फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात चावीच्या खाचेवर बारीक ठोका बसतो, खाच रुंदावते आणि शेवटी शाफ्ट फिरतो, चाक जागीच राहते.
अशा वेळी दोन्ही भाग खरे असतात, कोणीच कोणाला फसवलेले नसते. दोन काळांची मापे एकाच कवचात एकत्र आलेली असतात. म्हणून कॅलिपर लावून पाच गोष्टी मोजाव्या लागतात : चाकाचा बाहेरचा व्यास, रुंदी, शाफ्टचा व्यास, पकडीचा प्रकार (चावी, पिन, सपाट बाजू की दाते) आणि पात्यांची संख्या.

१२/१४
आता ‘ओरिजिनल’ या शब्दाकडे. दुसऱ्याचे चिन्ह लावून माल विकण्याविरुद्ध भारतात १८८९ साली मालचिन्हांचा कायदा झाला. पुढे १९४०, १९५८ आणि १९९९ साली व्यापारचिन्हांचे कायदे आले. दर्जाचा प्रश्न वेगळा होता. त्यासाठी १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने आयएसआय चिन्ह आले. चिन्ह कोणाचे आणि दर्जा कसा, हे दोन प्रश्न कायद्यानेही स्वतंत्रपणे हाताळले आहेत. बाजारात मात्र दोन्ही एकाच शब्दात कोंबले जातात.
बाजारात प्रत्यक्षात चार प्रकारचा माल असतो. इंजिन कंपनीच्या खोक्यातला. तोच भाग कंपनीला पुरवणाऱ्या पंप-उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यातला. तिसऱ्याच उत्पादकाने स्वतःच्या नावाने, त्याच मापात बनवलेला. आणि दुसऱ्याचे नाव चोरून बनवलेला. पहिले तीन प्रामाणिक आहेत आणि त्यांतला कोणताही चांगला निघू शकतो. चौथा कधी योगायोगाने टिकतो, पण त्यामागे उत्तर द्यायला कोणी उभे नसते. ‘डुप्लिकेट’ म्हणताना तिसऱ्या आणि चौथ्याची गल्लत होते. त्या गल्लतीत प्रामाणिक स्वस्त माल बदनाम होतो आणि चोरीचा माल ‘सगळे सारखेच’ या आडोशाला लपतो.

१३/१४
दोनशे वर्षांच्या या प्रवासातून निवडीचा एक क्रम हाती येतो.
▪️ धातू : कवच गनमेटलचे आहे का, हे लेखी विचारावे. चुंबक चिकटला तर रंगाखाली लोखंड आहे. शाफ्टला चुंबक घट्ट चिकटला तर ते हलक्या जातीचे स्टेनलेस असण्याचा संभव मोठा; चिकटला नाही म्हणजे उत्तमच आहे, असेही नाही.
▪️ माप : जुना भाग सोबत न्यावा. इंजिनाच्या नावापेक्षा पंपावर कोरलेला क्रमांक महत्त्वाचा, कारण एकाच इंजिनावर वेगवेगळे पंप बसवलेले आढळतात.
▪️ रबर : पाते वाकवून मुळाशी पाहावे. बारीक भेगा असतील, रबर कडक झाले असेल, तर चाक नवे असूनही जुने आहे. मधल्या धातूच्या तुंब्याशी रबर पक्के चिकटलेले हवे; तिथला सांधा सुटला की शाफ्ट एकटाच फिरतो.
▪️ सोबतचे भाग : कॅम आणि झाकणामागची पट्टी खरचटलेली असेल, तर उत्तम चाकही पाणी ओढणार नाही. पॅकिंग ठरल्या जाडीचेच हवे; जाड पॅकिंगने चाकाशेजारी फट राहते आणि ओढ कमी होते.
▪️ सील : पंपाच्या मानेजवळ एक बारीक छिद्र असते. त्यातून पाणी ठिबकले तर सील गेले, तेल ठिबकले तर आतल्या बाजूचे सील गेले. ते छिद्र गळतीची वर्दी देण्यासाठी ठेवलेले असते. एम-सीलने बुजवले, तर पाणी बेअरिंगमध्ये किंवा इंजिनाच्या तेलात शिरते.
▪️ बसवताना : ग्रीसऐवजी ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी वापरावे. इंजिन सुरू होताच मागच्या नळीतून पाणी येते का, हे डोळ्यांनी पाहावे.
▪️ आणि एक पूर्ण संच, चाक, पॅकिंग, स्क्रू यांसह, बोटीतच ठेवावा. समुद्रावर दुकान नसते.

१४/१४
पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिने उघडली जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहण्यापूर्वीच्या या आठवड्यांतच पंपाच्या भागांचा निर्णय होतो. हाती पैसा कमी असतो आणि खर्च चहूबाजूंनी येतो. दोन खोक्यांतल्या किमतीचा फरक त्या वेळी मोठा वाटणे स्वाभाविक आहे, आणि म्हणून महागडे खोके घ्या एवढाच सल्ला पुरत नाही. धातू, माप आणि रबर पारखता आले, तर कमी किमतीतही भरवशाचा भाग निवडता येतो. पारख नसेल, तर महाग खोक्यातूनही चुकीचा भाग घरी येतो.
अर्देशिरांच्या काळी भरवसा कारागिराच्या हातावर होता. व्हिटवर्थनंतर तो मापावर आला आणि व्यापारचिन्हांच्या कायद्यांनंतर नावावर. पुढचा टप्पा आला म्हणून मागचा संपला नाही. चांगल्या पंपाला आजही तिन्ही लागतात : जाणता मिस्त्री, अचूक माप आणि जबाबदारी घेणारे नाव.
अजिंठ्याच्या भिंतीवरच्या त्या जहाजात माणसांबरोबर घडेही रांगेने नीट मांडलेले आहेत. सुटल्यावर समुद्रात काही मिळणार नाही, हे सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर डोंगरात बसलेल्या चित्रकारालाही ते काढावेसे वाटले. मिरकरवाडा किंवा ससून डॉकमधून सुटणाऱ्या बोटीच्या पेटीत आज एक जादा इम्पेलर ठेवलेला असेल, तर तो त्याच शहाणपणाचा भाग आहे.